लॅटव्हियन, ग्रोब आणि एका चालीला तीन दिवस

हे सगळं सुरू झालं बुद्धिबळाच्या एका बरोबरीत सुटलेल्या डावामुळे. इटालियन ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चाली) होतं, एका चालीला तीन दिवस, डाव आठ महिने चालला. संपल्यावर मी वही काढून बघितली (प्रत्येक चाल का खेळले ते एक-दोन ओळीत लिहून ठेवायची मला सवय आहे) तर पहिल्या सोळा चालींसमोर नुसतं 'डेटाबेस' (म्हणजे जुन्या डावांच्या साठ्यातून उचललेली चाल) लिहिलेलं. सतराव्या चालीला पहिल्यांदा माझं स्वतःचं काहीतरी होतं, आणि तोवर डाव सुरू होऊन साडेतीन महिने झालेले. साडेतीन महिने मी रोज पट उघडत होते, विचार करतेय असं मला वाटत होतं, पण खरं तर मी आणि समोरचा दोघंही कोणाचे तरी जुने डाव उतरवून काढत होतो. मला त्याचं खूप वाईट वाटलं, आणि त्याच आठवड्यात ठरवलं की पुढचे काही डाव अशा ओपनिंगने खेळायचे जिथे पुस्तक, म्हणजे आधीच अभ्यासलेल्या चाली, पाचव्या-सहाव्या चालीलाच संपतं.

ज्यांनी कॉरस्पॉन्डन्स, म्हणजे दूर बसून एकेका चालीला दिवस घेत चालणारं बुद्धिबळ, खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पूर्वी हे पोस्टकार्डावर चालायचं, चाली आकड्यांत लिहायचे म्हणजे भाषेची अडचण नको, ई२ वरून ई४ म्हणजे ५२५४ (पटावरच्या उभ्या ओळींना ए ते एच अक्षरं असतात, आडव्यांना १ ते ८ आकडे). आता सर्व्हरवर चालतं. पुस्तकं आणि डेटाबेस बघायला परवानगी असते, ते चीटिंग नाही. इंजिनचं, म्हणजे चाली सुचवणाऱ्या प्रोग्रामचं, मात्र दोन तऱ्हेचं आहे. १९५१ साली स्थापन झालेल्या आयसीसीएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांमध्ये इंजिन चालतं, आणि त्यामुळे वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. मी जिथे खेळते, म्हणजे नेहमीच्या ऑनलाइन साइटवर, तिथे डाव चालू असताना इंजिनला हात लावायचा नाही. हा नियम मी अगदी कडक पाळते, कारण तो मोडला तर या सगळ्याला काही अर्थच उरत नाही. पुढे जे काही सांगतेय ते सगळं बिनइंजिनच्या डावांबद्दल आहे.

पहिली चूक लगेच झाली. ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावात, जे चालतं तेच इथे आणलं, म्हणजे ट्रॅप (सापळा). पांढऱ्याने डी४ केलं की काळ्याने ई५ देऊन टाकायचं, एंगलुंड गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं किंवा मोहरं देऊन टाकणारं ओपनिंग). पुढे घोडा सी६, वजीर ई७, मग वजीर बी४ वर शह देऊन बी२ चं प्यादं खायचं, आणि तिथे पांढऱ्याने घाईत उंट सी३ केला की काळा उंट बी४ वर येतो आणि पांढऱ्याचा खेळ तिथेच खलास. ब्लिट्झमध्ये मी यावर कितीतरी डाव जिंकलेत. इथे समोरच्याने सहाव्या चालीला दोन दिवस घेतले आणि शांतपणे घोडा सी३ वर ठेवला. झालं. मग माझा वजीर बी२ वरून ए३, ए३ वरून ए५ असा पळत सुटला, हत्ती त्याच्या मागे, आणि दर पळण्यात पांढऱ्याचं एकेक मोहरं फुकटात बाहेर. सतराव्या चालीला डाव सोडला. तीन दिवस आणि हाताशी पुस्तक असलेल्या माणसाला दचकवता येत नाही, ही साधी गोष्ट मला तेव्हा नीट कळली. दचकवणं हेच ज्या ओपनिंगचं भांडवल असतं ते इथे पहिल्याच चालीला खर्च होऊन जातं, आणि मग पटावर उरते फक्त पोझिशन, ती चांगली असेल तर चांगली नाहीतर नाही.

हॅलोविन गॅम्बिटचं पण तेच. चौथ्या चालीला घोडा एका प्याद्यासाठी देऊन टाकायचा आणि प्यादी पुढे ढकलत काळ्याचे घोडे पळवायचे. समोरच्याने घोडा जी६, मग दुसरा घोडा परत जी८, आणि माझा उंट सी४ वर आल्याबरोबर डी५ करून एक प्यादं परत दिलं, सी६ केलं, उंट ई६ करून उंटाला उंट मारला, आणि मी बघत बसले की माझ्याकडे घोड्याच्या बदल्यात दोन प्यादी आहेत आणि हल्ला कुठे नाहीच. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, एकच डाव खेळले, परत नाही खेळणार.

मग डेटाबेसच्या आकड्यांबद्दल एक गोष्ट कळली ती सांगते, कारण ती मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. ओपनिंग निवडताना मी साइटच्या डेटाबेसमधले जिंकण्या-हरण्याचे टक्के बघत होते, आणि काही विचित्र ओपनिंगचे टक्के अगदी भारी दिसायचे. पण तो सगळा ढीग ब्लिट्झ आणि त्याहूनही झटपट बुलेट डावांचा असतो. तिथे काळा जिंकलाय तो समोरच्याची वेळ संपली म्हणून, किंवा त्याने पाच सेकंदात चुकीचा घोडा हलवला म्हणून. कॉरस्पॉन्डन्ससाठी त्या आकड्याला शून्य किंमत. आता मी फक्त कॉरस्पॉन्डन्सचे डाव गाळून बघते, आणि टक्के न बघता डाव शेवटपर्यंत खेळून बघते की नेमकं कुठे काय बिघडलं.

ग्रोब, म्हणजे पहिल्याच चालीला जी४, मी चार डावांत खेळले. याच्यामागची गोष्ट मला फार आवडते, हेन्री ग्रोब हे स्विस मास्टर वर्तमानपत्रातून वाचकांशी पत्राने डाव खेळायचे आणि त्यात जी४ इतक्या वेळा खेळले की ओपनिंगला त्यांचंच नाव पडलं. पोस्टकार्डावर ७२७४ लिहून पाठवणाऱ्या माणसाला काय वाटत असेल असं मी खूपदा मनात आणलंय. यातला ट्रॅप सगळ्यांना माहितीये, काळ्याने डी५, पांढऱ्याने उंट जी२, काळ्याच्या उंटाने जी४ खाल्लं की सी४, आणि डी प्याद्याने ते सी४ मारलं की उंट बी७ वर जाऊन हत्ती गिळतो. चारपैकी एकानेही जी४ खाल्लं नाही. सगळ्यांनी सी६ केलं, मी एच३ केलं, त्यांनी ई५ केलं, आणि मधोमध दोन प्यादी घेऊन आरामात बसले. इथून पुढे ग्रोबचा खरा त्रास सुरू होतो. एच४ चा चौकोन आता माझं कुठलंच प्यादं सांभाळू शकत नाही, एफ४ सांभाळायला ई३ करावं लागतं, काळ्याचा घोडा ई७ वरून जी६ वर येतो आणि त्याला दोन्हीकडे जाता येतं. आणि राजा कुठे ठेवायचा? किंगसाइडला (राजाच्या बाजूला) कॅसलिंग, म्हणजे राजा हत्तीच्या आड नेणं, करावं तर समोर एच५ तयार, क्वीनसाइडला (वजिराच्या बाजूला) जायला खूप वेळ लागतो. दोन हरले, एक बरोबरीत, एक जिंकले पण तो समोरच्याने एंडगेममध्ये, म्हणजे थोडीच मोहरी उरल्यावर, हत्ती चुकीच्या बाजूने आणला म्हणून, त्यात ओपनिंगचं काही कर्तृत्व नाही.

पण एक सांगते, त्या चार डावांच्या वह्या मी परत वाचल्या तर सहाव्या चालीपासून पानंच्या पानं भरलेली आहेत. एच४ आणि एफ४ या दोन चौकोनांबद्दल मी जेवढा विचार त्या महिन्यांत केला तेवढा कमजोर चौकोनांबद्दल आधी कधीच केला नव्हता.

आता लॅटव्हियन. ई४ ई५, घोडा एफ३, आणि काळा ई५ सांभाळायचं सोडून एफ५ करतो. हे ओपनिंग मूळ सतराव्या शतकातल्या ग्रेकोपर्यंत मागे जातं, पण त्याच्यावर मेहनत घेतली ती लॅटव्हियाच्या कार्लिस बेतिन्श यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी, आणि ती मेहनत बरीचशी पत्राने. १९३४ ते ३६ मध्ये रीगा विरुद्ध स्टॉकहोम असा पत्राने सामना झाला त्यात रीगाने हेच ओपनिंग खेळलं. मला हे वाचून जरा धीर आला होता, की कॉरस्पॉन्डन्समध्येच तर हे वाढलंय, मग चालायला हवं.

माझा जो डाव माझ्या डोक्यात अजून आहे त्यात पांढऱ्याने तिसऱ्या चालीला घोड्याने ई५ खाल्लं, मी वजीर एफ६. तो घोडा सी४, मी एफ प्याद्याने ई४ मारलं, तो दुसरा घोडा सी३. इथे वजीर जी६ की एफ७ असा प्रश्न असतो. मी एफ७ घेतला कारण सी४ च्या घोड्यावर नजर राहते. तो घोडा ई३, मी सी६, तो डी३, मी ते प्यादं मारलं, त्याच्या उंटाने परत मारलं, मी डी५, त्याने कॅसलिंग. पट मांडून बघा. प्यादी सारखी आहेत, मध्यात माझं डी५ दिमाखात उभं आहे, वरवर बघितलं तर काळा मस्त दिसतो. मी वहीत लिहिलं होतं 'छान वाटतंय'. नुसतं वाटतंय, एकही व्हेरिएशन (पुढच्या चालींची शक्यता) नाही लिहिलेलं. पांढऱ्याची तीन मोहरी बाहेर, राजा सुरक्षित, ई फाइल (उभी ओळ) सताड उघडी आणि माझा राजा त्याच फाइलवर, हे सगळं मला दिसत होतं पण मी ते मोजलं नाही.

मी उंट डी६, तो हत्ती ई१, मी घोडा ई७, पुढच्या चालीला कॅसलिंग करणार होते. अकराव्या चालीचं नोटिफिकेशन आलं, उघडलं तर त्याने ई३ चा घोडा डी५ वर टाकलेला. बलिदान. मी तिथेच उभी राहून दहा मिनिटं नुसती बघत राहिले. सी प्याद्याने मारला तर दुसरा घोडा बी५, डी६ च्या उंटावर हल्ला, आणि ई७ चा माझा घोडा हत्तीमुळे राजासमोर जखडलेला. तीनचे तीन दिवस घेतले, रोज रात्री लाकडी पटावर मांडून बसायचे. शेवटी जे सापडलं ते असं की बी५ नंतर कॅसलिंग करायचं, उंट जाऊ द्यायचा, आणि वजिराने एफ२ खाऊन शह द्यायचा, एफ फाइल माझी उघडी आहे त्यामुळे राजा मारू शकत नाही. म्हणजे निदान मरण पुढे ढकललं. तसंच झालं, उंट जी४, त्याने वजीर समोर आणला, वजीर गेले, आणि त्याच्या घोड्याने बी७ चं प्यादं उचललं. त्याच्याकडे उंटांची जोडी शाबूत आणि एक प्यादं जास्त. ४१ चालींपर्यंत लढले मग सोडलं. डाव संपल्यावर त्याने मेसेज केला की घोड्याचं बलिदान त्याला एका जुन्या कॉरस्पॉन्डन्स डावात मिळालं होतं, पण आपण ते स्वतः तपासून मगच खेळलो, आठ दिवस लागले, मधे सुट्टी लावली होती. मी त्याला मनापासून शाबासकी दिली. त्याने जे केलं तेच मी करायला हवं होतं, आणि मला वाटतं मी लॅटव्हियनमुळे नाही हरले, 'छान वाटतंय' मुळे हरले. अर्थात लॅटव्हियन तुम्हाला असं एक वाक्य सुद्धा माफ करत नाही, इटालियन दहा माफ करतं.

तेव्हापासून पद्धत बदलली. फोनवर चाल खेळायची नाही, फोनवर फक्त बघायचं. खरा पट मांडायचा. समोरच्याच्या प्रत्येक शहाची, प्रत्येक मारामारीची चाल आधी लिहायची, कितीही वेडी वाटली तरी, विशेषतः जिथे माझं प्यादं दोन मोहऱ्यांनी सांभाळलेलं आहे तिथली. मग एक रात्र सोडायची आणि दुसऱ्या दिवशी पट उलटा फिरवून त्याच्या बाजूने बसायचं. उलटा पट ही गोष्ट मला सगळ्यात उपयोगी पडली, त्या बाजूने बघितलं की आपल्या राजाभोवतीची भोकं लगेच दिसतात. यात दहा-बारा डाव एका वेळी जमत नाहीत, मी पाचवर आणले. पॉल केरेस शाळकरी वयात, आसपास तोडीचे खेळाडू नव्हते म्हणून, पत्राने एका वेळी दीडशेपर्यंत डाव खेळायचे असं वाचलं की मला खरंच हात जोडावेसे वाटतात.

या काळात मी एस्ट्रिन विरुद्ध बर्लिनर हा डाव जवळजवळ पाठ केला. १९६५ ते ६८ ची पाचवी जागतिक कॉरस्पॉन्डन्स चॅम्पियनशिप. एस्ट्रिन टू नाइट्स या ओपनिंगचे मोठे जाणकार, त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलेलं, आणि हान्स बर्लिनर त्यांच्याशीच टू नाइट्स खेळायला गेले, पण पाचव्या चालीला डी५ चं प्यादं परत घ्यायच्या ऐवजी बी५. पुढे वजीर एच४, उंट जी४, आणि दहाव्या चालीला ई४ ढकलून डी४ वरचा घोडा खुशाल मरू दिला. शेवटी एंडगेममध्ये जिंकले, आणि ती स्पर्धाही जिंकले, १६ डावांत १२ विजय आणि ४ बरोबरी, एकही हार नाही. मला यातलं महत्त्वाचं काय वाटतं तर बर्लिनरनी विचित्र चाल समोरचा घाबरेल म्हणून नाही खेळली. समोर त्या विषयातला सगळ्यात जाणता माणूस होता, त्याच्याकडे हवा तितका वेळ होता, तरी खेळली, कारण घरी बसून तिच्या तळापर्यंत जाऊन आले होते. हीच माझी चाळणी झाली. समोरच्याला सगळं माहिती आहे असं धरून ओपनिंग निवडायचं. एंगलुंड त्यात लगेच गळतं, हॅलोविन गळतं, ग्रोब आणि लॅटव्हियन कसंबसं लोंबकळत राहतं.

आणि बी४ त्यातून चक्क पार होतं. पहिल्या चालीला बी४, ज्याला ओरांगउटान म्हणतात कारण तार्ताकोवर यांनी १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत मारोत्सीविरुद्ध हे खेळलं ते प्राणिसंग्रहालयात जाऊन आल्यावर, आणि सोकोल्स्की म्हणतात कारण त्या नावाच्या खेळाडूने यावर आयुष्य घातलं. काळा ई५ करतो, मी उंट बी२, तो उंटाने बी४ खातो, मी उंटाने ई५ खाते. कडेचं प्यादं दिलं आणि मधलं घेतलं, झाला सौदा. यात ट्रॅप नाही. काळ्याची मोहरी माझ्याआधी बाहेर येतात हे खरं, तो दहाव्या चालीपर्यंत अगदी मजेत असतो, पण माझ्या पोझिशनमध्ये भोक नाही आणि बी फाइल हत्तीसाठी उघडी आहे.

माझा सगळ्यात आवडता डाव यातलाच. त्याने डी५ केलं, मी सी४ ने ते मारून घेतलं, त्याच्या घोड्याने परत मारलं, म्हणजे आता सी फाइलपण अर्धी उघडी. माझा सगळा प्लॅन दोन वाक्यांचा होता, एक हत्ती बी वर, एक सी वर, आणि बी७ सी७ वर बसून राहायचं. ते करायला वीस चाली लागल्या, म्हणजे चारेक महिने. मधे एक गोची झाली. साइटवर कंडिशनल चाल लावून ठेवता येते, त्याने अमुक केलं तर माझी तमुक आपोआप खेळ. मी लावून ठेवलं होतं की त्याने उंटाने एफ३ चा घोडा मारला तर मी उंटाने परत मारणार. दोन दिवसांनी पट उलटा करून बघताना लक्षात आलं की जी प्याद्याने मारलेलं बरं, ई४ चा चौकोन मिळतो, मध्य भक्कम होतो. वहीत तसं लिहिलं पण. आणि साइटवरची कंडिशन काढायची विसरले. सकाळी बघते तर चाल खेळून झालेली. फार चिडचिड झाली, आठवडाभर त्या डावाकडे नीट बघवेना. सुदैवाने उंटाने मारलेलंही वाईट नव्हतं, तो उंट तिथून थेट बी७ वर बघत होता, आणि ३१ व्या चालीला बी७ पडलं. ५८ चालींना डाव संपला, अकरा महिने. वहीत चौथ्या चालीपासून माझं लिहिलेलं आहे.

बी४ चे एकूण सहा डाव झाले, दोन जिंकले, तीन बरोबरी, एक हरले. फार भारी निकाल नाहीत, इटालियनमध्ये माझे आकडे याच्याहून चांगले होते. तरी मी परत जाणार नाही, निदान आत्ता नाही.

लॅटव्हियन सोडलं असं वाटलं असेल तर तसं नाहीये. गेल्या महिन्यात एका थीमॅटिक स्पर्धेत नाव दिलं. यात ओपनिंग आधीच ठरलेलं असतं, सगळे तेच खेळतात, एकदा पांढऱ्याने एकदा काळ्याने, आणि या स्पर्धेचं ओपनिंग लॅटव्हियन आहे. म्हणजे पहिल्यांदाच मी त्या दुसऱ्या बाजूला बसलेय. घोड्याने ई५ खाल्लं, वजीर एफ६ आला, मी घोडा सी४, मग घोडा सी३, ज्या वाटेने मला मारलं त्याच वाटेने. वाटत होतं तो वजीर एफ७ करेल आणि मला ते डी५ चं बलिदान करायला मिळेल. त्याने जी६ केला. मी डी३ केलं, काल रात्री त्याचा उंट बी४ वर आला. सी३ चा घोडा जखडलाय, त्यामुळे ई४ मारायचं तर डी प्याद्याने, आणि ते केलं की त्याचा वजीर शह देत ई४ वर येतो. नाहीतर आधी उंट डी२ करून घोडा सोडवायचा. दोन दिवस आणि काही तास हातात आहेत, पट मांडून ठेवलाय, आज रात्री काळ्याच्या बाजूने बसणार आहे.